बिशप, डीन, व्हिकार... कोण कोणाच्या वर?

चष्मेवाली:
मंडळी, एक शंका आहे. सध्या इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी मालिका बघतेय, त्यात व्हिकार म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू आहे, डीन आहे, आर्चडीकन आहे आणि मधूनच जांभळा शर्टवाला बिशप गाडीतून उतरतो की सगळे चिडीचूप. आता बिशप म्हणजे व्हिकारचा साहेब ना? मग न आवडणाऱ्या व्हिकारला सरळ काढून का टाकत नाही, नुसता चहा पिऊन जातो.

मिठागर:
ताई, साहेब धरलंत की पुढचं सगळं चुकतं. बिशप ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ देखरेख करणारा. त्याच्या हद्दीला डायोसीस म्हणतात, चर्च ऑफ इंग्लंडचे असे 42 आहेत. रविवारची उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, लग्नं, मयत हे सगळं व्हिकार बघतो, पण काही कामं बिशपशिवाय होतच नाहीत. नवीन डीकन-प्रीस्टना, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या दोन पायऱ्यांना, दीक्षा तोच देतो. आणि दृढीकरण, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झालं की स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. नवा बिशप करायचा तर किमान तीन बिशप लागतात.

चष्मेवाली:
बरं, पण काढत का नाही?

जुना पोस्टमन:
कारण काढता यायचंच नाही! व्हिकारचा हुद्दा फ्रीहोल्ड असायचा, जवळपास वतनच म्हणा ना, घर आणि उत्पन्न त्या हुद्द्याला चिकटलेलं, मोठा गुन्हा शाबित झाल्याशिवाय कोणी हात लावू शकत नव्हतं. बरं नेमणुकीतही गंमत, नाव सुचवायचा हक्क बऱ्याचदा पेट्रनचा, आणि हा पेट्रन म्हणजे गावचा जमीनदार किंवा चक्क ऑक्सफर्डचं एखादं कॉलेज, काही ठिकाणी तर अजूनही आहे. 2011 पासून नवीन नेमणुका कॉमन टेन्युअर नावाच्या नव्या अटींवर होतात, तरी साध्या नोकरासारखं उचलून बाहेर काढता येत नाहीच.

मिठागर:
आणि व्हिकारला गादीवर बसवताना बिशप जे म्हणतो ते मला फार आवडतं, की या लोकांच्या आत्म्यांची काळजी घे, ती तुझीही आहे आणि माझीही. पाळक खरा बिशप, व्हिकार त्यातला वाटेकरी.

खारीबटर:
डीन राहिला की. कॅथेड्रल म्हणजे बिशपची खुर्ची जिथे असते ते चर्च, पण कारभार डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, आणि चॅप्टर, म्हणजे त्याचं कारभारी मंडळ, यांचा. नवा बिशप पहिल्यांदा येतो तेव्हा दार बंद असतं, त्याने हातातल्या दंडाने तीनदा ठोकायचं मग आतले उघडणार. स्वतःच्याच घरी पाहुणा!

चष्मेवाली:
हाहा. आणि सफ्रगन?

जुना पोस्टमन:
डायोसीस मोठा असला की हाताखाली दिलेला बिशप. दीक्षा, दृढीकरण सगळं करतो, पण हाऊस ऑफ लॉर्ड्समधे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बिशपांच्या ज्या 26 जागा आहेत तिथे बसत नाही. मराठीत 'सहायक बिशप' चालून जाईल. इंग्लंडमधली पहिली बाई बिशप, लिबी लेन, 2015 मधे स्टॉकपोर्टची सफ्रगनच झाली होती. आर्चडीकन हे बिशपचे डोळे, हिशेब नि गळकी छपरं तपासत फिरतात, म्हणून मालिकेत कायम वैतागलेले.

खारीबटर:
आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईचा अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतला, डायोसीस 1837 चा. पुण्यात पंचहौदचं पवित्र नाम देवालय बघा, टिळक-रानड्यांनी मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याचं ते गाजलेलं प्रकरण तिथल्याच मिशनमधलं. पण आता ते सीएनआयकडे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे. 1970 ला नागपुरात सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं, त्यात बाप्टिस्टांसारखे बिशप न मानणारेही होते, तरी बिशपपद ठेवलं. तिथे मात्र इंग्लंडसारखा राजाने बिशप नेमायचा प्रश्नच नाही, निवडणूक होते आणि राजकारण म्हणाल तर भरपूर.