हिमोग्लोबिनमध्ये एकच अमिनो आम्ल बदललं तर एवढं रामायण कशाला?

घोडबंदरकर: लेकीला बारावीचं बायोलॉजी शिकवताना अडलोय. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकल सेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आजार. एकाने एवढं काय बिघडतं?

कळव्याची स्लाइडवाली: दादा, ते कुठे बसलंय ते बघा. रेणूच्या बाहेरच्या अंगाला! ग्लुटामिकवर ऋण भार, ते पाण्यात रमतं. व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार जरा बदलतो, शेजारच्या रेणूवर खोबण उघडी पडते, व्हॅलिन तिथे अडकतं. असे रेणू चिकटत लांब दोरे होतात आणि पेशी वाकते. आमच्या लॅबमध्ये शहापूर-मुरबाडचे रक्ताचे नमुने येतात. रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन काढून घेणारं सोडियम मेटाबायसल्फाइट घालून कव्हरस्लिप ठेवायची; थोड्या वेळाने गोल पेशींना टोकं फुटलेली दिसतात. कितीदाही बघा, कंटाळा येत नाही.

घोडबंदरकर: म्हणजे प्रथिनाची घडी तीच, पृष्ठभाग तेवढा चिकट?

कळव्याची स्लाइडवाली: जवळपास तीच. ऑक्सिजनही वाहून नेतं. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्रात नेहमीचं आणि सिकलचं अशी दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळी सरकतात हे दाखवलं, ते याच भारामुळे. आणि त्याच सहाव्या जागी लायसिन आलं तर हिमोग्लोबिन सी. त्याचे असे दोरे होत नाहीत, त्रासही बराच कमी.