'मतभेद विसरा, एक व्हा' म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

तिरशिंगराव (धागाकर्ता):
परवा इथे एकाने लिहिलं, "राजकारण बाजूला ठेवा, शेवटी आपण सगळी माणसंच." खाली टाळ्यांचा पाऊस. माझं डोकंच फिरलं. निकालाच्या रात्री घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाने मला 'विकला गेलेला' म्हटलं. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीन वर्षं बोलणं बंद आहे. आई दोघांनाही म्हणते, "विसरा रे." काय विसरू? तो काय बोलला ते, की तो चूक होता ते? लिंकनचं ४ मार्च १८६५ चं 'कुणाविषयी आकस नको' सगळ्यांना पाठ असतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती हेही त्याने त्याच भाषणात सांगितलं, ते मात्र सोयीने गाळतात.

कंदील:
म्हणजे आधी भावाने चूक कबूल करायची, मग आपण मोठ्या मनाने बोलणार. छान. लिंकन राहू द्या, त्या रात्री तुम्ही काय लिहिलंत ते सांगा.

हिशेबनीस:
धागाकर्त्याशी सहमत. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर आर्चबिशप टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगाने 'विसरा' म्हटलंच नव्हतं. राजकीय हेतूने काय केलं ते पूर्ण सांगा, तरच माफी. तरीही बहुतेक अर्ज फेटाळले गेले.

कंदील:
आयोग कशाला हवा? १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग म्हणून बावीस पोरांचं शिबिर भरवलं. दोन गट, सामने, बक्षिसं. बघता बघता झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग पाणी बंद पडलं, जेवणाचा ट्रक सुरू होईना. पोरांनी मिळून ट्रक ओढला, तोही रस्सीखेचीच्या दोरानेच! भाषणं नकोत, एक सामाईक अडचण द्या.

उंटावरचा:
आलं का ते शिबिर! अहो, पाणी शेरीफच्या माणसांनीच तोडलं होतं. आणि आदल्या वर्षीचं कुणी सांगत नाही. १९५३ चा प्रयोग फसला, कारण पोरं भांडेचनात. मोठ्यांनी तंबू पाडून पाहिला, कपडे लपवून पाहिले. पोरं आपसात बोलली आणि संशय मोठ्यांवरच गेला. सामाईक अडचण वगैरे राहू द्या, आधी तंबू कोण पाडतंय ते बघा.

कंदील:
प्रत्येक धाग्यावर तुमचं 'कुणीतरी लावून देतंय' असतंच. भावाला शिवी द्यायला तिरशिंगरावांना कुणी बाहेरून फोन केला होता का?

उंटावरचा:
फोन लागत नाही हल्ली, फॉरवर्ड पुरतो. वैयक्तिक होऊ नका.

साधीसुधी:
दोघेही एक गोष्ट गाळताय. १९५३ च्या पोरांची गट पाडण्याआधीच ओळख झाली होती. १९५४ मध्ये पहिला आठवडा दोन्ही गट वेगळे ठेवले होते. फरक तिथे पडला असणार. मी मतदानकेंद्रावर ड्यूटी केली आहे. दोन विरोधी पक्षांचे प्रतिनिधी दिवसभर एकाच बाकावर बसून यादीवर पेन्सिलीने खुणा करत होते. दुपारी एकाची पेन्सिल तुटली, दुसऱ्याने न बघताच आपली पुढे सरकवली. संध्याकाळी दोघे पुन्हा एका मतावरून तावातावाने भांडले. माझी आशा एवढीच आहे.

उंटावरचा:
ओळखीचा मुद्दा बरोबर आहे. एवढाच.

हिशेबनीस:
पेन्सिलींनी देश चालत नाहीत. उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार थांबवण्यासाठीच्या १९९८ च्या कराराला तिथे मत देणाऱ्या ७१ टक्के लोकांनी होकार दिला. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत.

कंदील:
भिंती आहेत, पण बॉम्बही थांबलेत की जवळजवळ! का तेही नको?

तिरशिंगराव:
माझ्या धाग्याचं शिबिर झालेलं दिसतंय. असो. काल भावाने ग्रुपवर आईच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "दादा, रात्रीची गोळी बदलली आहे." मी 'बरं' लिहिलं. मग गोळी जेवणाआधी की नंतर, तेही विचारलं. याला कुणी एकी म्हणू नका. मत त्याचं अजून चूकच आहे.

कंदील:
आणि त्या रात्रीचं तुमचं उत्तर?

तिरशिंगराव:
तेही चूक होतं. झालं समाधान?

उंटावरचा:
कंदील, १९५३ चं उत्तर अजून आलेलं नाही.