रशियन ‘पेच’ आणि आपला ‘स्वयंपाक’: च तोच का?

पंचवटीकर: रशियन ‘पेच’ म्हणजे भट्टीत भाजणे. त्याचं आदिस्लाव्ह (सगळ्या स्लाव्ह भाषांच्या पूर्वज भाषेतलं) मूळ *पेक्ति (तारा म्हणजे अनुमानाने बांधलेलं रूप), आणि नातं संस्कृत पच्-शी (शिजवणे) सांगतात. मग ‘पेच’मधला च म्हणजेच ‘पचति’मधला च का? आणि मराठीत हा धातू उरलाय कुठे?

गोदाकाठ: धातू एकच, च वेगळा. घसरतं ते इथेच. ‘पेच’मध्ये क्त् + इ यांचा मिळून च झालाय. पोलिशमध्ये त्याचंच प्येत्स, सर्बियनमध्ये पेची, जुन्या चर्च स्लाव्होनिकमध्ये (सगळ्यांत जुनी लिखित स्लाव्ह भाषा) पेश्ती. ‘रात्र’चंही तसंच: रशियन नोच, पोलिश नोत्स (आपल्या नक्तव्रतातलं ‘नक्त’).

‘पेच’सारख्या ‘-णे’ अर्थाच्या रूपावरून धातू ठरवू नका, कारण ग्त् + इ-चंही हेच होतं: ‘मोच’ म्हणजे शकणे, पण ‘मी शकतो’ला मोगू. आधी ‘मी’चं रूप बघा: पेकू. क् सापडला. मग ‘तू’चं: पेचोश. हा च मात्र पचतिच्या जातीचा. क्-पुढे ए आल्यामुळे झालेला.

नाशिकरोड_वाचक: जातीचा, पण वारशाचा नव्हे. बदल दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाला. स्लाव्हच्या सगळ्यांत जवळच्या लिथुआनियनमध्ये क शाबूत आहे: चारला केतुरी, रशियनमध्ये मात्र चेतीरे. (या धातूचं तिथे केप्ती झालंय, प-क उलटे.) संस्कृतात आधी क-चा च झाला, मग ए-चा अ, म्हणून पचतिमध्ये कारणच पुसलं गेलं. शिवाय जिथे क्-पुढे ए नव्हताच, त्या ‘पचामि’तही देखादेखी च शिरला. सर्बियननेही तेच केलं, ‘मी’ला पेचेम, फक्त ‘ते’ला पेकू राहिलं. म्हणजे ‘पेकू’ रशियनमध्ये मी, सर्बियनमध्ये ते! तक्ता करताना हमखास गोंधळ होतो.

गोदाकाठ: मराठीचं राहिलं. पच्यते → पचणे. पक्व → प्राकृत पिक्क → पिकणे. दिंडोरीची द्राक्षं पिकतात ती यातूनच. पाक, पक्वान्न हे तत्सम शब्द, ‘स्वयंपाक’मधला पाकही तसाच, ध्वनिनियम तपासताना ते बाजूला ठेवा.

पंचवटीकर: रशियन ‘पोत’ (घाम) याच घरातला का? त्यात च नाही.

नाशिकरोड_वाचक: हो, *पोक्त-वरून. क्त्-पुढे इ नव्हती, म्हणून नुसता क् गळाला. ‘पेच्स्या’ही बघा: कुणाची काळजी वाहणे. आपला जीव जळतो, त्यांचा भाजतो.