उपलब्ध माहिती आणि हाती आलेली माहिती : अनुभव धागा

जॉर्ज मिलर यांनी १९६९ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात मानसशास्त्र लोकांना देऊन टाकावे, असा आग्रह धरला होता. तज्ज्ञांनी ज्ञान स्वतःकडे राखून लोकांना फक्त सल्ला द्यावा, हे त्यांना पटत नव्हते. ज्याला गरज आहे त्याने ते ज्ञान स्वतः वापरावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला, त्याच वर्षी एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याची घोषणा केली, आणि २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने संशोधनलेख कोणालाही मोफत वाचता यावेत, अशी मागणी केली. साठा वाढला, यात शंका नाही. तरीही शिकण्याविषयी, मनाविषयी किंवा हातातल्या यंत्राविषयी अगदी प्राथमिक गोष्ट ज्याला हवी असते, त्याच्यापर्यंत ती पुष्कळदा पोहोचत नाही.

आपल्या अनुभवात ती नेमकी कुठे अडली, किंवा कशामुळे सुटली, तेवढे लिहावे. ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचले पाहिजे, हे सगळ्यांना मान्य आहे. ते पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका

शिक्षक प्रशिक्षणात आम्हाला एक प्रश्नावली दिली होती. तिच्यावरून विद्यार्थी दृश्य पद्धतीने शिकणारा आहे, ऐकून शिकणारा आहे की हाताने करून शिकणारा आहे, हे ठरवायचे आणि त्याप्रमाणे त्याला शिकवायचे. २००८ मध्ये पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्याने शिकणे सुधारते, असे म्हणायला पुरेसा आधार नसल्याचे त्यांनी नोंदवले. तो आढावा माझ्या वाचनात आला तोपर्यंत आमच्या शिक्षककक्षात ही विभागणी इतकी मुरलेली होती, की पालकसुद्धा 'आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे' असे सहज म्हणत.

याउलट ज्या गोष्टीला भक्कम आधार आहे, ती प्रशिक्षणात कोणी सांगितलीच नव्हती. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो एकदा वाचल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. माझ्या मते यातली पहिली अर्धी बाजू दुसरीइतकीच महत्त्वाची आहे, कारण पुन्हा वाचणे चांगले, असे मुलांना का वाटते, याचे उत्तर तिच्यात आहे. लगेच पाहिले तर ते खरेच चांगले दिसते.

आता माझ्या तासाची शेवटची काही मिनिटे वही-पुस्तक बंद असते. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचे. गुण नाहीत, नाव लिहिण्याची सक्ती नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यानंतरचे कागद पाहण्यासारखे असतात. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन हे शब्द जवळजवळ सगळ्यांचे बरोबर असतात, पण कशापासून काय तयार होते हे सांगणारे क्रियापद निम्म्याहून अधिक कागदांवर सापडत नाही. पाण्याचा तर बहुतेकांना विसरच पडलेला असतो. तोंडी प्रश्नोत्तरांत हे कधी कळत नाही, कारण तिथे क्रियापद माझ्या प्रश्नातच असते.

पालकांची तक्रार आली, की ही रोजची परीक्षा कशाला. पालकसभेत मी त्यांना कोणताही शोधनिबंध दाखवला नाही. अर्ध्या पानाचा एक उतारा वाचायला दिला, कागद परत घेतले आणि आठवेल ते लिहा म्हणून सांगितले. त्यानंतर चर्चा फार लांबली नाही.

समुपदेशक

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक तीव्र भीतीचा झटका, येणाऱ्या माणसाकडे माहितीची कमतरता नसते. त्याने रात्री जागून पुष्कळ वाचलेले असते, आणि त्यातले बहुतेक त्याला आणखी घाबरवणारे असते. त्याला जे मिळालेले नसते ते म्हणजे क्रम. श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. माणूस त्याचा अर्थ 'हृदयविकाराचा झटका' असा लावतो, भीती वाढते, श्वास आणखी जलद होतो. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे चक्र मांडले. शारीरिक संवेदनांचा लावलेला चुकीचा अर्थ हे त्याचे केंद्र आहे.

हे चक्र मी छापील स्वरूपात देत नाही. समोरच्या व्यक्तीला कागद आणि पेन देतो आणि मागच्या वेळी आधी काय झाले, मग काय झाले, असे विचारत जातो; बाण तीच काढते. बाण फिरून पहिल्या शब्दाशी आला, की पुष्कळदा हात तिथेच थांबतो. छापील आकृती त्याच माणसाने आधी कुठेतरी पाहिलेली असते, पण तिच्यातला घाम आणि धडधड त्याची नसते.

छातीत दुखण्याची किंवा धाप लागण्याची तक्रार पहिल्यांदाच उद्भवली असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि त्यानंतरच या चक्राचा विचार करावा, हे मात्र प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे लागते.

दृष्टिहीन वाचक, संगणक प्रशिक्षक

शिक्षिकांनी लिहिलेले वाचून आनंद झाला, आणि 'वाचून' हा शब्द मी सरळ अर्थानेच वापरतो आहे. त्यांचे लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत आहे, म्हणून माझ्या स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीने, ते न अडखळता वाचून दाखवले. देवनागरीतील कितीतरी पाठ्यसाहित्य आजही जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले असते. अशा फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह असते. डोळस माणसाला सुबक परिच्छेद दिसतो, मला स्वल्पविराम, कंस आणि सुट्या इंग्रजी अक्षरांची रांग ऐकू येते. तोच परिच्छेद शोधयंत्रालाही सापडत नाही, म्हणजे तो डोळस वाचकाच्याही वाट्याला येत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ असेल, तर मला काहीच ऐकू येत नाही.

मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन मित्रांच्या प्रयत्नातून आलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून मोफत मिळतो आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढण्याची कायदेशीर वाट मोकळी करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला. साधन आहे, कायद्याची वाटही आहे. अडते ते दस्तऐवज तयार करणाऱ्याच्या टेबलावर. शीर्षक म्हणून ओळ नुसती ठळक केली, तर माझ्यासाठी ती इतर ओळींसारखीच असते. 'हेडिंग' ही शैली लावली, तर एक कळ दाबून मी विषयावरून विषयावर जाऊ शकतो. दोनशे पानांच्या पुस्तकात हा फरक पुस्तक वापरता येणे आणि न येणे एवढा आहे. आकृतीखाली दोन वाक्यांत वर्णन लिहिले, तर आकृतीही माझी होते.

ज्येष्ठांना स्मार्टफोन शिकवणारी स्वयंसेविका

ज्येष्ठांना तंत्रज्ञान समजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या बोटांकडे पाहावे. वयानुसार त्वचा कोरडी होते आणि फोनचा पडदा बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतो. म्हणून पहिला स्पर्श पुष्कळदा नोंदलाच जात नाही. मग माणूस जोर देऊन दाबतो, बोट पडद्यावर जास्त वेळ राहते, आणि फोन त्याला 'दाबून धरणे' समजून भलताच मेनू उघडतो. आजोबांच्या दृष्टीने त्यांनी दोन्ही वेळा एकच कृती केलेली असते, आणि यंत्राने दोन वेगळी उत्तरे दिलेली असतात. यातून 'हे माझ्या डोक्याबाहेरचे आहे' हा निष्कर्ष निघतो.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात दाबून धरण्याचा अवधी वाढवता येतो. वर्गात मी पहिल्यांदा तेच करते आणि हात किंचित ओलसर करून घ्यायला सांगते. दुसरा नियम घरच्यांसाठी आहे: फोन ज्येष्ठांच्या हातातून घ्यायचा नाही. 'आण इकडे, मी करून देतो' म्हणणारा नातू काम करून देतो, पण शिकणे घेऊन जातो.

मनोविकार रुग्णालयातील परिचारिका

माझा अनुभव उलट दिशेचा आहे आणि तो कदाचित इथे नकोसा वाटेल. मानसशास्त्र लोकांपर्यंत पोहोचले आहे, पण त्यातली नावे पोहोचली आहेत, निकष नाहीत. कपाट नीट लावणाऱ्याला सर्रास 'ओसीडी' (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) आहे, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या विकारात नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात, ते शमवण्यासाठी कृती कराव्या लागतात, आणि निदानाच्या निकषांत दिवसातला एक तासाहून अधिक वेळ त्यात जाणे किंवा त्यामुळे गंभीर त्रास होणे, याचा विचार केलेला असतो. तो शब्द विनोदाचा झाला, की खऱ्या रुग्णाच्या घरचे त्यालाही 'नीटनेटका आहे, इतकेच' म्हणून मोकळे होतात आणि उपचार लांबतात. म्हणून सोपे करून लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, की विकाराचे नाव लिहाल तिथे तो नसणे कसे दिसते, तेही लिहावे.

टंकलेखन प्रशिक्षक

थोडक्यात लिहितो. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या टंकलेखन प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला एकच तास सराव करणाऱ्या गटाला कौशल्य येण्यासाठी सर्वांत कमी तास लागले, पण दिवस जास्त लागले, आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज तोच गट होता. माझे विद्यार्थीही असेच आहेत. त्यांना हा निष्कर्ष ठाऊक असतो, पटतोही, आणि तरी ते चार तासांची तुकडी मागतात. त्यामुळे सगळा दोष माहितीच्या वाटेवर घालणे मला पटत नाही.

आरोग्य केंद्रातील समाजकार्यकर्ती

परिचारिकांचा आक्षेप रास्त आहे, पण नावे न देताही काम होते, याचे एक उदाहरण आहे. झिंबाब्वेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरात 'फ्रेंडशिप बेंच' हा उपक्रम सुरू केला. प्रशिक्षण घेतलेल्या आजीबाई दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसतात आणि समस्या सोडवण्याची पद्धत शिकवतात. नैराश्य हा शब्द न वापरता तिथल्या बोलीतला, 'फार विचार करणे' या अर्थाचा शब्द त्या वापरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या तुलनेत या बाकावर बसलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी कमी आढळली.

आम्ही त्याच धर्तीवर काम करतो. आलेली व्यक्ती आधी सगळ्या अडचणी सांगते, मग त्यांतली एकच निवडते, आणि पुढच्या भेटीपर्यंत त्या एकीवर करता येईल अशी एक कृती ठरते. निवड तिची असते. आमच्या मते दुसरी अडचण मोठी असली तरी आम्ही बोलत नाही, आणि प्रशिक्षणात सर्वांत अवघड तेच जाते. आत्महत्येचा विचार बोलण्यात आला, तर त्याच दिवशी वरिष्ठांना आणि डॉक्टरांना कळवणे बंधनकारक आहे.

समुपदेशकांना एक विचारायचे आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्याकडून आपण ते बाणांचे चक्र कसे काढून घेता?

समुपदेशक

वस्तू मांडून. टेबलावर जे असेल ते घेतो: किल्ली म्हणजे धडधड, चष्म्याचे घर म्हणजे भीती, असे त्या व्यक्तीनेच ठरवायचे आणि क्रमाने गोल मांडायचे. पुढच्या भेटीत वस्तू वेगळ्या असल्या तरी बहुतेकांना क्रम आठवतो. न आठवल्यास मी सांगत नाही, थांबतो. शिक्षिकांनी लिहिलेला आठवून काढण्याचा फायदा इथेही लागू होतो.