सूर्यफुलावर वाढलेला कॉकाटील: भाजी कशी सुरू करावी

घणसोलीच्या ताईंनी इथे विचारलंय, त्यांचा कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) फक्त सूर्यफुलाच्या बिया खातो, वरचेवर शिंकतो आणि भाजीला तोंड लावत नाही, काय करावं? त्यावर एका प्रतिसादात पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब घालायला सांगितलंय. ते नको. किती पोटात गेलं कळत नाही, चव बदलली की पक्षी पाणी कमी पितो आणि दमट हवेत ते पाणी लवकर बुळबुळीत होतं.

सूर्यफुलात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम नगण्य. अ कमी पडलं की नाक-घशाचं अस्तर बिघडतं, त्यातून शिंका असू शकतात. श्वासागणिक शेपूट हलत असेल तर मात्र आहाराचं नंतर, आधी डॉक्टर.

बदल सावकाश करा. सकाळी भूक असते तेव्हा किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा ओला पाला. तासा-दोन तासांनी उचला, मग राळे-बाजरी. सूर्यफूल दिवसाला चार-पाच दाणे, तेही हातातून. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन घ्या. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ वर आला तर थांबा, जुनं खाणं परत द्या. वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका, वर नुसती टरफलं असतात. फुंकर मारून बघा.

पावसाळ्यात दाणे आठवड्यापुरतेच आणा. कुबट वास आला तर सरळ फेका, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. कॅल्शियमला काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड) चालतं. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही.