अनुभव धागा : ऐक्य सप्ताहाची संयुक्त उपासना – कोणाचं पाचारण, कोणाकडे कोणतं काम (नाशिक)

धागाकर्ता (शरणपूर रोड)
मंडळी, 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. सुरुवात 1908 ची. 1968 पासून उपासनेचा आराखडा जागतिक चर्च परिषद आणि व्हॅटिकन मिळून काढतात. आपल्या गावाला हे जरा जास्तच लागू पडतं. बिशपांची गादी इथे 1929 पासून (तेव्हा अँग्लिकन, 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची), कॅथलिक धर्मप्रांत 1987 पासून. शिवाय पेंटेकॉस्टल आणि घरोघरी भरणाऱ्या मंडळ्या आहेतच.

'मी विश्वासात कसा आलो' या साक्षी इथे नकोत. आपल्याकडे जी सेवा आहे ती कशी करतात, कुठे बिघडते आणि का, एवढंच लिहा. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 12 (शरीर एक, अवयव अनेक, तशी प्रत्येकाची देणगी वेगळी) सगळ्यांना पाठ आहे. हात, पाय, डोळा यावर संदेश नको.

उपासनाक्रम
पहिलं ठरवा : ही वचनाची उपासना आहे (वाचन, प्रार्थना, संदेश), प्रभुभोजन किंवा मिस्सा नाही (भाकर-द्राक्षरसाचा विधी, कॅथलिकांकडे त्याला मिस्सा म्हणतात). कॅथलिक नियमाप्रमाणे ख्रिस्तप्रसाद सर्वसाधारणपणे कॅथलिकांनाच देता येतो. हे न ठरवता मिस्सा ठेवला तर नेमक्या ऐक्याच्या क्षणी निम्मे लोक बाकावर बसून राहतात.

वाचनं 66 पुस्तकांतूनच घ्या. कॅथलिक बायबलात 73 आहेत. त्यातली जास्तीची सात घेतली की समोरचे पानं चाळत बसतात. दहा आज्ञांचा उल्लेख असेल तर आकडा सांगू नका. 'सातवी आज्ञा' म्हणजे कॅथलिकांना चोरी आणि बाकी बहुतेकांना व्यभिचार.

आता खरी अडचण, प्रभूची प्रार्थना. कॅथलिक मंडळी 'वाइटापासून सोडव' इथे थांबतात, कारण मिस्सात पुढचे शब्द फादर स्वतःची एक प्रार्थना म्हटल्यावर येतात. बाकीचे न थांबता 'कारण राज्य, पराक्रम व गौरव' म्हणत पुढे जातात. अर्धी सभा आमेन म्हणते, अर्धी बोलत राहते. मधले शब्दही दोन्हीकडे सारखे नाहीत. उपाय एकच : संपूर्ण पाठ पत्रकावर छापायचा आणि सुरू करण्याआधी 'शेवटपर्यंत सलग म्हणू या' असं पुढून सांगायचं. पाठ कोणाचा घ्यायचा यावर बैठकीत तासभर जातो. यजमान चर्चचा घ्या आणि पुढच्या वर्षी यजमान बदला.

विश्वासांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली) प्रेषितांचा घ्या. नायसीयाचा घेतला आणि सिरियन परंपरेचे लोक असले, तर 'आणि पुत्रापासून' या दोन शब्दांवर अडतं. ते शब्द त्यांच्या पाठात नाहीत. 'उभे राहा, बसा' हेही छापा. गुडघे टेकणं ऐच्छिक ठेवा, सगळ्या चर्चमध्ये त्यासाठी पाट नसतात.

वेळ साडेपाच. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत सातची उपासना ठेवली की म्हातारी माणसं येत नाहीत, आणि गाणी त्यांनाच पाठ असतात.

पेटीमास्तर
वरच्या वाक्याला अनुमोदन. पत्रकावर गीताचा नुसता क्रमांक देऊ नका. एका चर्चच्या पुस्तकातला क्रमांक दुसरीकडे चालेलच असं नाही. पहिली ओळ द्या, शक्यतो सगळी कडवी छापा.

पट्टी : पुरुष काळी एकला खूश, बायका काळी चारला. सगळ्या सभेनं गायचं तर पट्टी नाही, गाण्याचा सर्वांत वरचा सूर बघायचा. तो तार सप्तकात पांढरी दोनच्या वर गेला की मागचे चार बाक गप्प होतात. नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या अंगाची असल्याने बहुधा मधल्या सप्तकात बसतात, म्हणून सगळ्यांना झेपतात. भाषांतरित इंग्रजी चाली वर चढतात. त्या दोन सूर खाली घ्या.

तबल्याचं कोणी लक्षातच घेत नाही. कीबोर्डवाला बटण दाबून पट्टी बदलतो. दायाँ (उजव्या हाताचा तबला) तसा बदलत नाही, हातोडी घेऊन दोन-चार मिनिटं जातात. एकतर सगळी गाणी एकाच 'सा'वर बसवा किंवा दोन दायाँ ठेवा. तीनचार चर्चचे गायक एकत्र येतात तेव्हा निदान दोन सराव हवेत : पहिल्यात नुसत्या चाली जुळवायच्या (एकाच गीताच्या दोन चाली निघतातच), दुसऱ्यात माइकसह. प्रत्येक गायकवृंदाला स्वतंत्र गाणं देण्याचा मोह टाळा. त्याची स्पर्धा होते आणि उपासना अडीच तास चालते.

धागाकर्ता
दोन प्रश्न वारंवार येतात. मिरवणुकीत कोण पुढे? आणि स्त्री पाळकांनी संदेश दिला तर कॅथलिक बाजूला चालतो का?

उपासनाक्रम
मिरवणूक : क्रूस, मग बायबल, गायक, वाचक, सिस्टर आणि मंडळीचे वडील (नेमलेले ज्येष्ठ), पाळक व फादर एकत्र जोड्यांनी, शेवटी बिशप. मान शेवटी असतो, पुढे नाही. हे आधी सांगितलं नाही तर कोणीतरी रुसतो. पाहुणे बिशप आधी, यजमान बिशप सगळ्यांत शेवटी.

संदेश : मिस्सातलं प्रवचन फक्त कॅथलिक फादर, डीकन किंवा बिशप देतात. मिस्साबाहेरच्या संयुक्त उपासनेत दुसऱ्या चर्चचे सेवक, स्त्री पाळकसुद्धा, बोलू शकतात. तेव्हा चालतो. मर्यादा बारा मिनिटं, ती मात्र कोणीच पाळत नाही.

जुना सेक्रेटरी, पास्टोरेट कमिटी (चर्चचा कारभार पाहणारी समिती)
बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण आणि पाणी शिंपडणं हा भाग बऱ्याच आराखड्यांत असतो. तो घ्यायच्या आधी हे ध्यानात घ्या.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा प्रवाह एक झाले : अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स. यातले काही बाळांचा बाप्तिस्मा करणारे, काही फक्त विश्वास कबूल केलेल्या मोठ्या माणसांचा. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती ग्राह्य. बाळाला पाणी लागलं असेल तर मोठेपणी जाहीर कबुली, आणि बाळाचं नुसतं समर्पण झालं असेल तर मोठेपणी बाप्तिस्मा. पुन्हा बाप्तिस्मा नाही. सेक्रेटरीची अर्धी पत्रं या शेवटच्या मुद्द्यावर खर्च होतात.

कॅथलिक चर्च पाणी आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' हे शब्द असलेला दुसऱ्या चर्चचा बाप्तिस्मा मानतं. फक्त 'येशूच्या नावात' झालेला मानत नाही. पेंटेकॉस्टल बांधव बाळपणीचा मानत नाहीत. म्हणून शिंपडण्याऐवजी पुढे पाण्याचं भांडं ठेवा, ज्याला वाटेल त्याने जवळ यावं.

हीच गोष्ट लग्नाला उपयोगी. वर किंवा वधू कॅथलिक असेल तर त्या बाजूचा बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढलेला, साधारण सहा महिन्यांच्या आतला मागतात. लग्न आधी झालं असेल तर त्याची नोंद त्यावरच येते. मिश्र विवाहाला कॅथलिक पक्षाला बिशपांची परवानगी लागते, आणि लग्न दुसऱ्या चर्चमध्ये लावायचं तर वेगळी सूट. तीन महिने आधी लागा. हॉल बुक करून मग फादरकडे जाणं ही नेहमीची चूक.

भेटीची सेवा, नाशिकरोड
ऐक्य सप्ताहात सगळ्या चर्चचे लोक मिळून दवाखान्यांत भेटी ठेवतात. गट तिघांचा, जास्त नको. खाटेजवळ दहा मिनिटं. आधी नर्सला विचारायचं, मग पेशंटला. प्रार्थना हळू आवाजात; शेजारच्या खाटेवरचा माणूस कोणत्याही धर्माचा असतो आणि तोही आजारीच असतो.

स्तोत्र 23 किंवा 121 वाचायचं, कोणीही वाचावं. तेल लावायचं नाही. पेंटेकॉस्टल आणि काही इतर मंडळ्यांत याकोबाच्या पत्राप्रमाणे मंडळीचे वडील तेल लावतात, पण कॅथलिक पेशंटला तो संस्कार आहे आणि तो फक्त फादर किंवा बिशप देतात. प्रेमापोटी दुसऱ्याने लावलं तर घरच्यांचा गोंधळ होतो : झालं की नाही झालं? पेशंट कॅथलिक आणि गंभीर असेल तर लगेच त्याच्या पॅरिशला (त्याच्या भागातल्या कॅथलिक चर्चला) फोन, रात्र असली तरी. शुद्धीवर असताना फादर आलेले बरे, कारण पापनिवेदन बोलून करायचं असतं. 'अजून इतकं झालं नाही' म्हणून घरचे थांबतात, तिथे वेळ जातो.

बोलणारा माणूस भेटीला पाठवू नका. ऐकणारा पाठवा. चांगला प्रवचनकार बहुधा या कामाला नालायक असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

अर्पणाची पेटी
पैसे कुठे जाणार ते अर्पणाआधी जाहीर करा, नंतर नाही. मोजणी दोन वेगवेगळ्या चर्चच्या दोघांनी, त्याच संध्याकाळी, कागदावर दोन सह्या. बस.

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) वेळापत्रक
ऐक्य सप्ताहाच्या पलीकडे एक जागा आहे जिथे सात माणसांची सात प्रकारची देणगी वापरता येते : बारा ते तीनची सप्तवचनांची (येशूने क्रूसावरून उच्चारलेल्या सात वचनांची) उपासना. 180 मिनिटांतून सुरुवात-शेवटाची वीस काढली की प्रत्येक वचनाला बावीस-तेवीस उरतात. गीत चार, वाचन एक, संदेश बारा, बाकी शांतता आणि प्रार्थना. पहिले तिघे वीस-वीस मिनिटं बोलतात, मग 'मला तहान लागली आहे' पाच मिनिटांत उरकतं. बाराव्या मिनिटाला घंटा ठेवा, बिशप असले तरी.

वाटप सेवेप्रमाणे करा. 'पाहा, तुझी आई' हे भेटीच्या सेवेतल्या बाईंना, क्षमेचं वचन भांडणं मिटवणाऱ्या वडिलांना, 'पूर्ण झाले आहे' हे शिकवणाऱ्याला. सातही पाळकच बोलवले तर सात सारखे संदेश मिळतात. कॅथलिक बंधूंना या वेळेला बोलवू नका; त्या दिवशी मिस्सा नसतो, पण दुःखसहनाची उपासना बहुधा तीनला असते आणि त्यांची तयारी चालू असते. सकाळची क्रूसाची वाट, चौदा स्थानकं, ही एकत्र करता येते.

कप धुणारी
वर प्रभुभोजन नको म्हटलंय ते बरोबर. पण त्याच आठवड्याच्या रविवारी आपापल्या चर्चमध्ये असतंच, म्हणून रसाचं लिहिते. ज्या मंडळ्यांत वाइन चालत नाही त्यांच्यासाठी. (कॅथलिकांना उलट : द्राक्षाचीच नैसर्गिक वाइन आणि गव्हाचीच भाकर लागते.)

काळ्या मनुका अर्धा किलो, पाणी दोन लिटर. मनुका कोमट पाण्यात दोनदा धुवा, तेलाचा हात असतो त्यांना. नाहीतर कपावर तवंग येतो. रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात वीस मिनिटं उकळा, कुस्करा, मलमलीतून दोनदा गाळा. साधारण दीड लिटर निघतो. छोट्या कपात दहा मिली, म्हणजे लिटरला शंभर माणसं. काठोकाठ भरू नका, थरथरत्या हातांनी सांडतं आणि पांढऱ्या कापडावरचा डाग जात नाही.

जानेवारी ते मार्च आपल्याकडे ताजी काळी द्राक्षं असतात, ती घ्या. पण कच्चा रस शनिवारी काढून बाहेर ठेवला तर रविवारपर्यंत फसफसायला लागतो. उकळी फुटायच्या आत, वाफ येईपर्यंत दहा मिनिटं तापवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. कप लगेच गार पाण्यात बुडवा. रस वाळला की तळाला चिकटतो. पितळी ताट चिंचेने घासा, स्टीलचं नको त्याने. आणि हे काम एकटीकडे ठेवू नका, निदान दोघींना येऊ द्या.