मदत हवी आहे: केबल लावली की सिंथचा सीव्ही (सूर ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज) खाली बसतो

सेटअप: आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एमसीपी४८२२ डॅक (डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप), पुढे ±१२ व्होल्टवर टीएल०७२ ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), गेन दोन पट. मोकळ्या जॅकवर मीटर चोख ५.०० व्होल्ट दाखवतो. व्हीसीओ (व्होल्टेजनुसार सूर बदलणारा ऑसिलेटर) जोडला की ४.९५, दोन जोडले की ४.९०!

आउटपुटला १ के (१ किलोओहमचा रेझिस्टर), व्हीसीओचा इनपुट १०० के, दोघांत व्होल्टेज वाटलं जातं, म्हणजे हिशेब जुळतो. पण सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) ८३.३ मिलिव्होल्टचा, त्यातले ५० गेले की सूर पारच उतरतो. कोडमध्ये गुणून भागेल, पण व्हीसीओची संख्या बदलली की गणित पुन्हा फिसकटतं.

१ के फीडबॅक लूपच्या आत घेतला (म्हणजे ऑपअँप जॅकवरचं व्होल्टेज बघून स्वतःच भरपाई करेल), तर लांब केबलवर ऑपअँप शिट्टी मारतो. आउटपुट पिन आणि इन्व्हर्टिंग पिनमध्ये किती पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकता? २२ पुरेल की १००?

(लातूरच्या उन्हात पत्र्याखाली ट्यूनिंग सरकतं ते वेगळं, त्याला टेम्पकोच (तापमानाची भरपाई करणारा रेझिस्टर) लागणार.)